माशाचं वय आणि आपली पाटी



ढोमा साफ करताना त्याच्या डोक्यात दोन पांढरे, टणक खडे सापडतात. घोळीच्या डोक्यात तर चांगले मोठे असतात. हे खडे म्हणजे माशाच्या कानातली हाडासारखी गाठ. त्यांच्यामुळे मासा पाण्यात तोल सांभाळतो, आवाज ओळखतो. मासा वाढतो तसा खड्यावरही थरावर थर चढत जातो. शास्त्रज्ञ खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली हे थर मोजतात आणि वय काढतात, झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसं. अगदी बारक्या पिल्लाच्या खड्यात एकेका दिवसाचं वलयही दिसतं.

हे वय आपल्याला कशाला हवं? तर मासा गाबोळी कधी धरतो, ते कळायला. तारली वर्षभरातच अंडी घालण्याजोगी होते आणि तिचं आयुष्यही दोन-तीन वर्षांचंच. मुशीचं उलट. ती सावकाश वाढते. आपल्याकडच्या बहुतेक मुशा जिवंत पिल्लं देतात, तीही थोडीच. म्हणून तारली एकदा कमी झाली तरी चांगल्या वर्षात लवकर सावरू शकते. मुशी कमी झाली की भरून यायला फार वर्षं लागतात.

जिताड्याची गोष्ट तर वेगळीच. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. मधल्या वयातच सगळे जिताडे पकडले, तर गाबोळीवाल्या माद्या येणार कुठून?

आता पापलेटाकडे येऊ. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही, असा नियम झाला. तरीही तळहाताएवढी पापलेटं बंदरावर येतात आणि आपल्या पाटीतही येतात. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात.

जरा हिशेब करू. समजा, पन्नास ग्रॅमची वीस पापलेटं म्हणजे एक किलो. ती समुद्रात राहिली असती, त्यातली अर्धी मोठ्या माशांनी खाल्ली असती, तरी उरलेली दहा चारशे ग्रॅमची झाल्यावर चार किलो भरली असती. वर मोठ्या पापलेटाचा किलोचा भाव बारक्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने साधारण आठपट होतो. त्याच्या पोटात गाबोळीला जागाही तितकीच वाढते. मोठी मादी म्हणजे समुद्रातली आपली ठेवच.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तीही याचसाठी. पावसात नद्यांचं पाणी खाडीत आणि समुद्रात येतं, पिल्लांना खाणं मिळतं. बांगडा, तारली अशा कितीतरी जाती याच सुमारास अंडी घालतात. पण नारळी पौर्णिमेनंतर बारीक आसाच्या जाळ्यात तीच पिल्लं आली, तर दोन महिने चूल सांभाळून काढल्याचा उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, जाळं तर पुरुष टाकतात, आम्ही काय करणार? पण लिलावात बोली आपण लावतो. बारक्या माशाला गिऱ्हाईक आहे म्हणून तो बंदरावर उतरतो. एकटीने नाही म्हटलं तर शेजारची उचलते आणि आपली पाटी रिकामी राहते, हेही खरं. म्हणून हे एकटीचं काम नाही. बाजारात बसणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून ठरवायला हवं.

आम्ही एवढंच सुचवतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयातून किमान लांबीची यादी मागून घ्या. आपल्या बाजारात येणाऱ्या पाच-सहा माशांची मापं मासे कापायच्या फळीवर खुणा करून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत एकच विषय घ्या : खुणेखालच्या पापलेटावर कोणीच बोली लावायची नाही. आणि ज्या मैत्रिणी मासे विकत नाहीत, फक्त घेतात, त्यांनी बारकं पापलेट स्वस्त मिळालं तरी पाटीतच राहू द्यावं.

पापलेटाला एकदा तरी गाबोळी धरू द्या. पुढच्या वर्षीची आपली पाटी त्यातूनच भरणार आहे.