मोजलेला थेंब

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



कोलकात्याचा फोर्ट विल्यम आता ‘विजय दुर्ग’ या नावाने ओळखला जातो. भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गाचे नाव लाभले, याचा मराठी मनाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. याच किल्ल्याच्या परिसराशी रक्ताच्या एका थेंबाची स्मृतीही निगडित आहे.

किल्ल्यालगतच्या मैदानाच्या दक्षिणेस पूर्वीचे प्रेसिडेन्सी जनरल, म्हणजे आजचे एस. एस. के. एम. रुग्णालय आहे. तेथील छोट्याशा प्रयोगशाळेत १८९८ साली रोनाल्ड रॉस यांना डासांच्या लाळग्रंथींत पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू सापडले. डासाच्या दंशातून हा रोग पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे इंग्लंडमधून १९०३ साली रॉस यांनी रक्त तपासण्याची एक सुधारित रीत मांडली. काचपट्टीवर रक्त पातळ पसरले की नजरेखाली फार थोडे रक्त येते. त्याऐवजी थेंबाचा जाड थर घ्यावा आणि पाण्याने त्यातील लाल रंग काढून टाकावा, म्हणजे थोड्या वेळात पुष्कळ रक्त तपासता येते. या थराची एक सोपी कसोटी आहे : काचपट्टीखाली वर्तमानपत्र धरले, तर त्यावरील अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. थर फार जाड झाला, तर तो सुटून धुऊन जातो. फार पातळ झाला, तर विरळ जंतू नजरेतून निसटतात.

आज काचपट्टीच्या जोडीला चिप आली आहे. थेंबाचा नेमकेपणा मात्र अधिकच काटेकोर झाला आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीची ‘ट्रूनॅट’ चाचणी पाहा. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली तिची शिफारस केली. रुग्णाच्या थुंकीतून वेगळा केलेला डीएनए चिपवरील इवल्याशा खळगीत सोडतात, तो केवळ ६ मायक्रोलिटर. साध्या ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मापाची कल्पना येते. त्यासाठी ठरावीक मापाची मायक्रोपिपेट वापरतात. द्रव सांडू नये, हवेचा बुडबुडा राहू नये, याचीही दक्षता घ्यावी लागते.

एवढी काटेकोरता कशासाठी? थेंब कमी पडला आणि जंतू मुळातच विरळ असले, तर आजारी माणूस निरोगी ठरू शकतो. तो औषधाविना घरी परततो आणि त्याच्या खोकल्यातून घरातील लेकराबाळांना रोगाची लागण होऊ शकते.

यंत्र बुद्धिमान असले, तरी अनेक आरोग्य केंद्रांत तो थेंब सोडणारा हात प्रयोगशाळा तंत्रज्ञाचाच असतो. त्याचे नाव रुग्णाला बहुधा कळतही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांच्या रेषेत पिपेट धरून ‘खूण नीट पाहा’ असे शिकवले जाते, तेव्हा केवळ गुणांची तयारी होत नसते. कोणी पाहत नसतानाही माप न चुकवणारा हात घडत असतो. असे हात घडवणे हेच शाळेचे काम आहे.