जात्यापाशी सांगितलेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी मात्र आज मन मोडण्याविषयी आणि क्षमेविषयी बोलणार आहे. आपल्या सातारा-सांगलीकडच्या गाण्यांत हे दोन्ही भरपूर आहे.

वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पट्ठे बापूरावांचे गाव. १८६६ साली ते जन्मले तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. ओव्यांचा मोठा संग्रह करणाऱ्या सरोजिनीबाई बाबरही याच तालुक्यातल्या बागणीच्या. म्हणजे लावणी रचणारा आणि ओवी जपणारी, दोघे एकाच मातीतले.

लावणीतली विरहिणी आपण ऐकली आहे. सखा परमुलखी गेलेला, नाहीतर सवतीकडे रमलेला. ती त्याला बोल लावते, आणि तो दारात दिसताच सारे विसरते. ऐकायला फार गोड! परंतु या लावण्या बहुतेक पुरुषांनी रचल्या आणि पुरुषांच्या बैठकीपुढे गाइल्या गेल्या. तेथे क्षमा लवकर मिळते यात नवल ते काय?

ओवीला बैठक नाही. पहाटेचा अंधार आणि समोर जाते. बाई त्याला देव म्हणते, सखा म्हणते, आणि माणसांना न सांगितलेले त्याला सांगते.

माझ्या थोरल्या आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत होते. तिकडेच त्यांनी दुसरे घर केले. १९८२ च्या संपानंतर ते आजारी होऊन गावी परतले. आत्या काही बोलली नाही. गावात पिठाची गिरणी होती, तरी ती पहाटे जात्यावर बसे आणि सारी वर्षे ओवीत मोजून सांगे. मामा सोप्यात पडून ऐकत.

मी एकदा विचारले, “आत्या, मामांना माफ केलंस का गं?”

ती म्हणाली, “माफी त्यांनी मागितली न्हाई. भाकरी मागितली, ती दिली.”

पुढे एके पहाटे मामा उठले, जात्यापाशी बसले आणि त्यांनी खुंट्याला हात लावला. आत्याने ओवी थांबवली नाही. थोडी सरकून तिने जागा मात्र करून दिली. मामा ती ओवी शेवटपर्यंत ऐकत दळू लागले.

भगिनींनो, क्षमा करणे हा बाईचा धर्मच, असे आपण मुलींना शिकवतो. मला वाटते, आधी तिचे गाऱ्हाणे पुरते ऐकून घ्यावे. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या बायकांच्या ओव्या यंदा वहीत उतरवून घेऊ या. भाऊरायाच्या कौतुकाच्या घ्याच. पण रुसव्याच्याही गाळू नका.