चाटलेले पिलू



गाय व्याली की वासराला चाटू लागते. त्याने वासराचे अंग कोरडे होते, हे गोठ्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु या जिव्हाळ्याचा परिणाम जन्मभर टिकतो काय, याचा उलगडा उंदरांवरील प्रयोगांनी केला.

कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, पहिल्या १० दिवसांत आईने ज्या पिलांना अधिक चाटले, ती मोठेपणी संकटप्रसंगी कमी भेदरतात. संकट आले की मूत्रपिंडावरील ग्रंथी रक्तात एक स्राव सोडतात व शरीरास तात्काळ बळ मिळते. स्राव पुरेसा झाला, हे ओळखून मेंदूने ग्रंथींना आवरावयाचे असते. अधिक चाटलेल्या पिलांच्या मेंदूत ही ओळख ठेवणारी ग्राहके अधिक आढळली.

मग हा रक्ताचाच गुण म्हणावा काय? तसेही नव्हे. कमी चाटणाऱ्या मादीची पिले अधिक चाटणाऱ्या मादीकडे सोपविली, तेव्हा तीही शांत निघाली; इतकेच नव्हे, तर त्यांतील माद्यांनी पुढे स्वतःच्या पिलांनाही अधिक चाटले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

उंदीर म्हणजे गाय नव्हे, हे खरेच. तथापि एकटी वाढविलेली वासरे अनोळखी वस्तूला, नव्या चाऱ्यालाही अधिक बुजतात, असे गोठ्यांतील अभ्यासांतही आढळले आहे. दुधासाठी वासरू आईपासून दूर बांधावयाचेच असेल, तर निदान दोन निरोगी वासरे एकत्र ठेवावीत व रोज अंगावरून हात फिरवावा. त्याला खर्च काहीच नाही.