मोबाईल, इंटरनेट आणि आपला धंदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इंटरनेटवर काय बोलावे? त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कुरडया-पापड फोनवरून विकता ना? मग तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. यंत्राच्या पोटातले मला फारसे कळत नाही. पण ते आपल्या घरात कसे आले, त्याने काय दिले आणि माझे कुठे चुकले, एवढे मी सांगू शकते. चुकले ते आधी ऐकलेत तर तुमचे तेवढे वाचेल.

आपल्यापैकी पुष्कळजणींना एस. टी. डी.चे दुकान आठवत असेल. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. माहेरी दोन मिनिटे बोलायचे, आणि डोळे सगळे त्या यंत्रावरच्या लाल आकड्यांकडे. आकडा वाढला की आईचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नसे!

त्याच काळात, ३१ जुलै १९९५ रोजी, बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कोलकात्याहून दिल्लीला मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर बोलले. आपल्या देशातले ते पहिले मोबाईलवरचे बोलणे. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुले केले. म्हणजे मोबाईल आणि इंटरनेट ही दोन लेकरे आपल्याकडे पंधरा दिवसांच्या अंतराने आली. पण दोघांची गाठ पडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्या वेळी मोबाईलवर बोलायला मिनिटाला आठ रुपयांच्या वर पडत, आणि दुसऱ्याने केलेला फोन उचलला तरी आपल्यालाच भुर्दंड. आलेला फोन फुकट झाला तो २००३ साली. मग आपण 'मिस्ड कॉल' शोधून काढला. एकदा वाजवून बंद केला म्हणजे 'पोचलो', दोनदा वाजवला म्हणजे 'तुम्ही करा'. काटकसर आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

आता ही 'दुसरी पिढी, तिसरी पिढी' म्हणतात ते काय, हे मी माझ्यापुरते पाण्यावरून समजून घेतले आहे. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार असली तर हंडा भरायला किती वेळ लागतो, ते मराठवाड्याच्या बाईला सांगायला नको. तीच धार मनगटाएवढी झाली की हंडा पाहता पाहता भरतो. हंडा तोच, पाणी तेच, फरक धारेचा. मोबाईलची दुसरी पिढी म्हणजे थेंब थेंब गळणारा नळ. बोलणे जाई, चार ओळींचा निरोप जाई. पण एक फोटो उतरायचा तर तोवर चहा होऊन जाई. तिसऱ्या पिढीची सेवा २००८ च्या डिसेंबरात दिल्लीत सुरू झाली, आणि फोटो भराभर येऊ-जाऊ लागले. चौथी २०१२ साली आधी कोलकात्याला आणि मग पुण्याला आली, आणि चालतीबोलती चित्रे न अडखळता दिसू लागली. पाचवीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली.

परंतु धार मोठी होऊन भागत नाही, पाणी परवडलेही पाहिजे. पूर्वी महिनाभराच्या एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ५ सप्टेंबर २०१६ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओची सेवा सुरू झाली. पहिले काही महिने तर ती फुकटच होती. मग चढाओढीत बाकीच्या कंपन्यांनीही भाव उतरविले. आधी महिन्याला पुरवायचे तेवढे रोज मिळू लागले. इंटरनेट आपल्यासारख्यांच्या घरात खरे आले ते तेव्हा.

त्याच वर्षी एप्रिलात यू. पी. आय. निघाले होते आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, १९४८ च्या जानेवारीत, निजामाविरुद्धच्या लढ्याला पैसा हवा म्हणून स्वातंत्र्यसैनिकांनी आपल्या उमरीची बँक लुटली. दर सतरा सप्टेंबरला आपण ती हकिकत ऐकतो. तेव्हा पैसा म्हणजे तिजोरीतून उचलायचा आणि जिवावर उदार होऊन रानोमाळ वाहून न्यायचा जिन्नस होता. आज त्याच उमरीत भाजीवालीच्या पाटीला चौकटीचौकटीचा कागद चिकटविलेला आहे, आणि दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी पैसे न दिसता पोचतात. साधा बटणांचा फोन असला तरी २०२२ सालापासून त्यावरून असे पैसे देण्याची सोय आहे.

मग यात आपल्या बायकांना धंदा कुठे आहे? एक उदाहरण सांगते. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी. त्यांना इंटरनेटचा गंधही नव्हता. त्यांच्या नातवाने आजीचा स्वयंपाक मोबाईलवर टिपून २०२० साली यूट्यूबवर 'आपली आजी' या नावाने दाखवायला सुरुवात केली. कारल्याची भाजी, घरचा मसाला, पुरणपोळी, हेच आपण रोज करतो ते. लाखो लोकांनी ते पाहिले. यूट्यूब यातून जाहिरातींची कमाई देते, पण त्याआधी हजार कायमचे प्रेक्षक आणि वर्षात चार हजार तास पाहणे भरावे लागते. हे ऐकून लगेच कोणी चूल सोडून कॅमेऱ्यापुढे बसू नये. आजींचे सांगायचे कारण एवढेच, की आपल्या हातातल्या ज्या गोष्टीला घरात कोणी मोजत नाही, तिला बाहेर मोल आहे.

आता माझी गोष्ट. कोरोनाच्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने मी कुरडया घालताना एक छोटी फिल्म काढली. गहू तीन दिवस भिजविले, वाटून चीक काढला, तो शिजविला आणि सोऱ्याने कुरडया घातल्या, एवढेच त्यात होते. ती त्याने नातेवाइकांच्या गटात टाकली. तिथून ती पुण्याला, हैदराबादला गेली आणि "काकू, आम्हाला मिळतील का?" असे निरोप येऊ लागले. चीक शिजताना दिसला ना, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. पहिल्या पार्सलात निम्म्या कुरडयांचा चुरा झाला. मग बिस्किटांच्या डब्यात कागद घालून पाठवायला शिकले. पुढे धर्माबादच्या मिरचीचे तिखट, ज्वारीचे पापड, सांडगे, असे वाढत गेले. दोन उन्हाळे धंदा छान झाला.

पण भगिनींनो, फोन मुलाचा होता. नंबर मुलाचा आणि पैसे जमा व्हायचे ते खातेही मुलाचे. तिसऱ्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली. आनंदाची गोष्ट, मी पेढे वाटले. तो गेला, आणि त्याच्या खिशातून माझे दुकानही गेले. उन्हाळ्यात गिऱ्हाइके त्याच नंबरावर निरोप टाकीत राहिली. तो बिचारा कामात; आठ दिवसांनी पाही, कधी मला कळवायचे विसरून जाई. लोकांनी दुसरीकडून घेतले. मी इकडे चीक काढून बसलेली! त्यात त्या लेकराचा काही दोष नाही. दोष माझा, की मी गहू माझ्या हातांनी दळला आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची लावली. या धंद्यात नंबर हीच दुकानाची पाटी. गिऱ्हाईक चवीने एकदा येते. परत येते ते नंबरावर.

मग मी ठरविले की स्वतःचे सिम घ्यायचे. ह्यांनी विचारले, "घरात तीन फोन असताना चौथा कशाला?" मी म्हटले, "तीन आहेत खरे, त्यांतला माझा एकही नाही." ते क्षणभर गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात घेऊन गेले. माझ्या आधारवर माझे सिम निघाले. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे निराळे ॲप २०१८ साली निघाले आहे, ते फुकट आहे. त्यात जिन्नसांचे फोटो आणि भाव मांडून ठेवता येतात. ते मुलीने घालून दिले. पहिल्या महिन्यात जुन्यांपैकी चारच गिऱ्हाइके परत मिळाली. पण ती माझी होती.

खात्याचेही असेच. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार, तेही बाईच्या आधारला जोडलेल्या खात्यात. पोस्टाच्या बँकेचे खाते तर पोस्टमन दारात येऊन उघडून देतो. पण पुढच्या वर्षी कागदपत्रांची पडताळणी आली आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर आकडा येऊ लागला, तेव्हा किती बायकांची धावाधाव झाली ते आपण पाहिले. आकडा जायचा दिराच्या, नाहीतर बंद पडलेल्या जुन्या नंबरावर. खाते बाईचे आणि किल्ली दुसऱ्याकडे!

स्वतःच्या खात्यात पैसे येऊ लागल्याचा एक लाभ मला मागाहून कळला. बँकेच्या उताऱ्यावर माझी आवक-जावक छापून येते. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. तिथे 'माझा धंदा आहे' असे तोंडाने सांगण्यापेक्षा तो उतारा पुढे ठेवला की बोलणे सोपे जाते. मुलाच्या खात्यात गेलेल्या दोन वर्षांच्या कमाईचा माझ्या नावावर एक कागदही नाही.

आता फसवणुकीचे सांगते, लाज सोडून. एकाचा फोन आला, "लग्नासाठी दहा किलो पापड हवेत, आगाऊ पैसे पाठवतो. चौकट पाठवली आहे, ती स्कॅन करा आणि पिन टाका." मी हरखून गेले आणि पिन टाकला. अठराशे रुपये आले नाहीत, गेले! दोन दिवस मी घरात कोणाला सांगितले नाही, आणि तीच मोठी चूक झाली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त देण्यासाठी. हे एक वाक्य घरी जाऊन फडताळाच्या दारावर लिहून ठेवा. आणि फसगत झालीच तर रडत बसू नका, त्याच घटकेला १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे हातोहात पुढे जातात.

दुसरे असे की सगळी भिस्त एकाच ॲपवर ठेवू नये. टिकटॉकवर आपल्या कितीतरी बायका नावारूपाला आल्या होत्या. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि सगळे रातोरात गेले. त्या सारोळ्याच्या आजींचे चॅनलही त्याच वर्षी कोणी चोरट्याने बळकावले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर मी वहीतही लिहून ठेवते. वही कोणी दुरून पळवीत नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर शनिवारी दुपारी दोन तास आपण इथे जमावे, आणि एकीने दुसरीला शिकवावे. पहिल्या शनिवारी नवे काही शिकायचे नाही. प्रत्येकीने फक्त तीन गोष्टी तपासून यायच्या: माझे सिम कोणाच्या नावावर आहे, माझ्या आधारला कोणता नंबर जोडलेला आहे, आणि माझ्या कामाचे पैसे कोणाच्या खात्यात पडतात. तिन्ही उत्तरे 'माझ्या' अशी आली की मग फोटो, भाव, पार्सल हे सगळे मी मला येते तेवढे शिकवीन. कुरडयांचा चुरा होऊ न देता डबा कसा भरायचा, तेही सांगेन.

  शनिवारी येताना आपापला फोन घेऊन या. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी नुसते या.