प्रश्नकर्त्याची कसोटी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजूषेंत श्रोत्यांचें लक्ष बहुधा उत्तर देणाऱ्यांकडे असतें. दोन संघ समोरासमोर बसतात, बोटें घंटेवर टेकलेलीं असतात, आणि जो आधीं घंटा वाजवील त्याला उत्तराचा मान मिळतो. परंतु सामन्याचा निकाल पुष्कळ अंशीं त्यापूर्वींच, प्रश्न लिहिणाऱ्याच्या मेजावर, ठरून गेलेला असतो. प्रश्न नीट बेतलेला नसेल तर अभ्यासू हरतो आणि उतावळा जिंकतो.

बीड जिल्ह्याच्याच उदाहरणानें हें स्पष्ट होईल. 'भास्कराचार्यांचें गांव कोणतें?' हा प्रश्न दिसावयास किती सोपा! आचार्यांनीं आपल्या गांवाचें नांव विज्जडविड असें सांगून ठेविलें आहे. पण हें विज्जडविड म्हणजे आजचें कोणतें गांव? कांहीं अभ्यासकांनीं तें बीड मानिलें. कोणी विजापूर सुचविलें. तर पाटण येथील शिलालेखामुळें पुष्कळांचा कौल चाळीसगांवच्या परिसराकडे गेला. आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचा त्या लेखांत उल्लेख आहे. आतां ज्या विद्यार्थ्यानें एकच टिपण पाठ केलें आहे तो तत्काळ घंटा वाजवील. ज्यानें सर्व पक्ष वाचिले आहेत तो क्षणभर थबकेल, आणि त्या क्षणांतच डाव गमावील. अधिक वाचल्याबद्दल ही शिक्षाच झाली!

अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखविली जाते. त्यांच्या 'विवेकसिंधु'चा काळ परंपरेनें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानितात, पण त्या काळाविषयींही विद्वानांत एकमत नाहीं. म्हणून 'मराठींतील पहिला ग्रंथ कोणता?' असें एका दमांत विचारणें धोक्याचें. 'परंपरेनें आद्य कवि मानिलेले' एवढे चार शब्द घातले कीं तोच विषय निर्दोष रीतीनें विचारतां येतो.

या खेळाचा आधुनिक इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत १९५३ सालीं महाविद्यालयांचे असे सामने नभोवाणीवर सुरू झाले. इंग्लंडांत १९६२ मध्यें ते दूरचित्रवाणीवर आले. आणि कलकत्त्यास १९६७ मध्यें नील ओब्रायन यांनीं खुली प्रश्नमंजूषा घेतली. आरंभींचे प्रश्न बहुधा आंखूड असत, त्यामुळें ज्ञानापेक्षां बोटाच्या चपळाईस महत्त्व येई. पुढें अमेरिकेंतील महाविद्यालयीन स्पर्धांत पायऱ्यापायऱ्यांचा प्रश्न रूढ झाला. त्यांत कठीण खूण प्रथम येते, सोपी शेवटीं.

भास्कराचार्य हेंच उत्तर अपेक्षित असेल तर प्रश्न असा लिहितां येईल: 'ज्यांच्या गोलाध्यायांत केवळ प्रश्नांना वाहिलेलें एक प्रकरण आहे, ज्यांच्या ग्रंथांसाठीं नातवानें मठ स्थापिला, ज्यांचा जन्म शके १०३६ मधला, ज्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं सिद्धांतशिरोमणि रचिला, आणि ज्यांची लीलावती प्रसिद्ध आहे, ते गणिती कोण?' मूळ ग्रंथ चाळलेला विद्यार्थी पहिल्या वाक्यासच घंटा वाजवील. केवळ लीलावतीचें नांव ऐकलेल्यास शेवटपर्यंत थांबावें लागेल. प्रत्येकास संधि आहे, पण अभ्यासाच्या प्रमाणांत.

आचार्य स्वतः किती कुशल प्रश्नकर्ते होते! लीलावतींत नऊ हात उंच खांबावर एक मोर बसला आहे, आणि खांबाच्या तळाशीं सापाचें बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत असतां मोर त्यावर तिरपी झेंप घेतो. दोघांची चाल सारखीच; तर बिळापासून किती हातांवर गांठ पडेल? उत्तर बारा, आणि तें एकच. साप पंधरा हात सरकला, मोरही पंधरा हात उडाला; हा ताळा कोणासही घेतां येतो. पाठांतराचा येथें उपयोग नाहीं, आणि वादालाही जागा नाहीं.

आज महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठीं प्रश्न लिहावयास बसणाऱ्यानें हा कित्ता पुढें ठेवावा. उत्तर निःसंदिग्ध असावें. प्रत्येक खूण मूळ आधाराशीं ताडलेली असावी. आणि जेथें मतभेद आहे तेथें तो प्रश्नांतच मान्य करावा. तालुक्याच्या गांवांतून, ग्रंथालयांतील मोजक्याच पुस्तकांवर तयारी करून आलेल्या विद्यार्थ्यास दुसरें कोणतेंही संरक्षण नसतें.