दोन कान आणि चौफेर ध्वनी



झाशीच्या मानिक चौकात एखाद्या सायंकाळी कोणी क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, तर त्याला चौक दिसेनासा होतो. पण चौक नाहीसा होत नाही. डाव्या हाताला फेरीवाल्याची हाक असते, मागून रिक्षाचा भोंगा जवळ येत असतो, समोर दुकानाचे लोखंडी दार खडखडत खाली ओढले जाते आणि वरच्या गच्चीतून एखादी आई मुलाला जेवायला बोलावते. यांतील प्रत्येक आवाज आपापल्या जागी असतो. मागचे वाहन नेमके कोणत्या बाजूने येत आहे, हे डोळे न उघडताही त्या माणसाला कळते आणि तो बाजूला सरतो. हाच माणूस घरी जाऊन कानांवर हेडफोन चढवतो आणि एखादा चित्रपट ऐकतो, तेव्हा मात्र चमत्कारिक प्रकार घडतो. सगळे पात्रवृंद आणि सगळी वाद्ये त्याच्या डोक्याच्या आत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ताणलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखी एका ओळीत लटकतात. समोर, मागे, वर असे काही उरतच नाही. जो चौक बाहेर होता, तो कवटीत कोंडला जातो.

हा कोंडलेला चौक पुन्हा बाहेर आणता येईल काय, हा आजचा विषय आहे. तो केवळ हौसेचा नाही. जुन्या पेठेतील घरे भिंतीला भिंत लागून उभी असतात. तेथे खोलीच्या पाच कोपऱ्यांत पाच लाउडस्पीकर मांडणे बहुतेकांना परवडत नाही. आणि परवडले, तरी पलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असते. अशा घरात हेडफोनला जोडलेला ध्वनिप्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, हाच चित्रपटगृहाचा एकमेव पर्याय ठरतो. म्हणून त्याचे आश्वासन कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कानाकडे वळू. दिशा ओळखण्याचे निसर्गाचे पहिले साधन म्हणजे दोन कानांमधील अंतर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला नंतर. डोक्याची त्रिज्या सुमारे ८.७५ सेंटीमीटर धरली आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांशाएवढा येतो. एवढ्या सूक्ष्म कालांतरावरून मेंदू दिशा ठरवतो. दुसरे साधन म्हणजे डोक्याची सावली. उंच पट्टीतील ध्वनीचे तरंग आखूड असतात. ते डोक्याला वळसा घालू शकत नाहीत, म्हणून दूरच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. खालच्या पट्टीत कालांतर आणि वरच्या पट्टीत तीव्रतेतील फरक, अशी ही कामाची वाटणी इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडली.

परंतु या दोन साधनांनी सर्व कोडे सुटत नाही. अगदी समोरचा आणि अगदी पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोचतो. तरीही चौकातल्या माणसाची गल्लत होत नाही. याचे एक कारण मान. माणूस नकळत मान किंचित वळवतो आणि आवाज कोणत्या कानाकडे सरकला, यावरून पुढचा-मागचा निवाडा करतो. हान्स वॉलाक यांनी १९४० साली प्रयोगांनी हे दाखवून दिले. दुसरे कारण बाह्यकर्ण. कानाच्या चुण्या आणि खळगे हे शोभेसाठी नाहीत. दर सेकंदास पाच हजार कंपने असलेल्या ध्वनीच्या तरंगाची लांबी सुमारे सात सेंटीमीटर, म्हणजे साधारण कानाच्या उंचीएवढी असते. अशा आणि त्याहून आखूड तरंगांना त्या चुण्यांवर आपटून आत शिरावे लागते. त्यात काही कंप्रता उठून दिसतात, काही दबतात. आणि हा चढउतार आवाज समोरून, मागून की वरून आला यानुसार बदलतो. मेंदूने जन्मभर हीच लिपी वाचलेली असते. हेडफोन नेमकी ही लिपी पुसून टाकतो. तो आवाज थेट कानाच्या तोंडाशी सोडतो. त्यात डोक्याची सावली नसते, चुण्यांचा संस्कार नसतो आणि खोलीच्या भिंतींचा पडसादही नसतो. मग मेंदू उपलब्ध पुराव्यावरून एकच निष्कर्ष काढतो, की आवाज डोक्यातच आहे.

गंगाधरराव नेवाळकरांना नाटकाचा मोठा षौक होता. त्या काळी झाशीत नाटक पाहणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. नट जेथे उभा, तेथूनच त्याचा शब्द येणार. यंत्राने आवाज दूर नेण्यास आरंभ केला, तेव्हा हे स्थान हरवले. ते परत मिळवण्याचा पहिला प्रयत्न मात्र हेडफोनसारख्या साधनानेच झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि दूरच्या प्रदर्शनात बसलेल्या श्रोत्याच्या दोन कानांना दोन स्वतंत्र तारांनी गाणे ऐकवले. नट रंगमंचावर इकडून तिकडे गेला, हे श्रोत्यांना ऐकून कळले. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा मांडला. त्याच्या कानांच्या जागी मायक्रोफोन होते आणि तो जे ऐके, तेच लोक हेडफोनमधून ऐकत. पुढे १९७३ साली बर्लिनमध्ये अशाच कृत्रिम मस्तकाने ध्वनिमुद्रित केलेले एक रेडिओनाटक प्रसारित झाले. लोक थक्क झाले. परंतु समोरचा आवाज बऱ्याच जणांना डोक्यावर किंवा पाठीमागे ऐकू आला. ही तक्रार पुढेही सुटली नाही, आणि तिचे कारण थोड्याच वेळात स्पष्ट होईल.

या कथेचा एक धागा झाशीच्या शेजारी पोचतो. कानपुरात १९३३ साली जन्मलेले बिष्णू अटल लखनौ आणि बंगलोर येथे शिकून १९६१ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मोबाइल टेलिफोनमधील संभाषण थोड्या अंकांत बसवण्याच्या त्यांच्या कार्यामुळे ते जगाला परिचित आहेत. त्याआधी, १९६३ साली, मानफ्रेड श्रोडर यांच्यासह त्यांनी एक वेगळाच प्रश्न हाताळला होता. दोन लाउडस्पीकर समोर ठेवले, की डाव्याचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि उजव्याचा डाव्यात. ही गळती संगणकाने आधीच हिशेबात घेऊन तिच्यावर नेमका उलटा आवाज सोडला, तर ती मिटते. आणि मग लाउडस्पीकर जेथे नाही, तेथूनही आवाज आल्याचा भास निर्माण करता येतो. हेडफोनचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. तेथे गळती मुळीच नसते, म्हणून ती मोजूनमापून मिसळावी लागते. बेंजामिन बाउर यांनी १९६१ सालीच हेडफोनसाठी ही मिसळण सुचवली होती. गळती मिटवणे आणि गळती मिसळणे या एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. घरगुती चित्रपटाच्या ध्वनीत बहुधा सहा प्रवाह असतात : समोर डावा, मधला आणि उजवा, बाजूला किंचित मागे डावा आणि उजवा, आणि सहावा केवळ खोल गडगडाटासाठी. समोरचे दोन मध्यापासून तीस अंशांवर आणि बाजूचे दोन सुमारे एकशे दहा अंशांवर असावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. सहाव्याच्या तरंगांची लांबी काही मीटर असल्याने त्याला दिशेचा हिशेब लागत नाही. प्रोसेसर प्रत्येक प्रवाहासाठी दोन गाळण्या ठेवतो. तीस अंशांवरील लाउडस्पीकरचा आवाज डाव्या कानापर्यंत पोचताना जसा बदलला असता, तसा बदल एक गाळणी करते. उजव्या कानासाठीचा बदल दुसरी करते. पाच प्रवाहांच्या अशा दहा गाळण्या होतात. त्यांतून निघालेले पाच आवाज डाव्या कानासाठी एकत्र केले जातात, पाच उजव्यासाठी. शेवटी हेडफोनच्या तारेतून दोनच प्रवाह जातात. पण त्यांवर पाच दिशांचा शिक्का उमटलेला असतो. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि प्रत्येक गाळणी केवळ दोनशे संख्यांची धरली, तरी सेकंदाला ९ कोटी ६० लाख गुणाकार करावे लागतात. हे काम घरगुती किमतीच्या यंत्रात येण्यास १९९० च्या दशकाची अखेर उजाडली, ती याचसाठी. ऑस्ट्रेलियातील लेक या कंपनीने बसवलेली आणि डॉल्बीच्या नावाने प्रसिद्ध झालेली हेडफोनपद्धती त्याच काळातली. तिच्यात तीन प्रकारच्या काल्पनिक खोल्या निवडता येत. कारण भिंतींचा पडसाद मिसळल्याशिवाय आवाज सहसा डोक्याबाहेर पडत नाही.

येथवर सर्व सुरळीत दिसते. परंतु या गाळण्या कोणाच्या कानांवर मोजलेल्या असतात? येथेच खरी मेख आहे. १९८९ साली वाइटमन आणि किस्टलर यांनी प्रत्येक श्रोत्याच्या स्वतःच्या कानांत अतिसूक्ष्म मायक्रोफोन बसवून मोजमाप घेतले आणि त्याच गाळण्यांनी हेडफोनमधून आवाज ऐकवला. श्रोत्यांनी सांगितलेल्या दिशा खऱ्या लाउडस्पीकरच्या वेळच्या दिशांशी जवळजवळ जुळल्या. १९९३ साली वेन्झेल यांच्यासह त्यांनीच दुसऱ्याच्या कानांवर मोजलेल्या गाळण्या सोळा जणांना दिल्या. डावे-उजवे नीट ओळखता आले. पण समोरचे मागे आणि खालचे वर, असा घोटाळा पुष्कळ वाढला. बाजारातील प्रोसेसर मात्र सर्वांना एकच सरासरी कान देतो. तो पुष्कळदा पुतळ्यावर मोजलेला असतो. सरासरीच्या जवळचे कान लाभलेल्या माणसाला चित्रपटगृह सापडते. इतरांना नुसता घुमणारा आवाज ऐकू येतो. असा माणूस मग स्वतःच्या श्रवणशक्तीवर शंका घेतो, किंवा घरातील मंडळी त्याची थट्टा करतात. दोष त्याच्या कानाचा नसतो. परक्या मापाचा अंगरखा त्याला चढवलेला असतो, इतकेच.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे स्वतःच्या कानाचे माप घेणे. कानांत मायक्रोफोन ठेवून हे माप घेणारी महागडी यंत्रे मिळू लागली आहेत. आणि २०२२ पासून अ‍ॅपल कंपनीने मोबाइलच्या कॅमेऱ्याने कानाचा आकार टिपून गाळण्या जुळवण्याची सोय दिली. मानेची हालचाल ओळखून आवाजाला आपल्या जागी स्थिर ठेवणारे हेडफोनही आले. वॉलाक यांनी सांगितलेला मानेचा पुरावा त्यामुळे परत मिळतो. दुसरा उपाय धीराचा. १९९८ साली नेदरलँड्समधील हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार माणसांच्या कानांत साचे बसवून चुण्यांचा आकारच बदलला. उंचीची जाण तत्काळ गेली. पण काही आठवड्यांत ती पुन्हा आली आणि साचे काढल्यावर जुनी जाणही शाबूत होती. म्हणजे मेंदू नवी लिपी शिकतो आणि जुनी विसरत नाही. परंतु त्या माणसांनी ते साचे दिवसभर, डोळे उघडे ठेवून, चालताबोलता वापरले होते. रविवारी दोन तास हेडफोन लावून तेवढे शिक्षण घडेल, असे मानण्यास आधार नाही.

व्यवहारातल्या चार गोष्टी सांगणे येथे योग्य होईल. प्रोसेसरमध्ये सहा प्रवाह शिरले, तरच तो पाच दिशा देईल. चित्र दाखवणारे यंत्र दोनच प्रवाहांवर ठेवलेले असेल, तर पुढची सर्व मेहनत व्यर्थ जाते. म्हणून प्रथम तेथील योजना पाहावी. प्रकाशतंतूच्या तारेतून सहा प्रवाह संक्षिप्त रूपातच जाऊ शकतात, तर एचडीएमआय तार आठ प्रवाह संक्षेप न करताही वाहून नेते. गाळण्या एकाच ठिकाणी लावाव्यात. खेळात एकदा, संगणकात दुसऱ्यांदा आणि हेडफोनमध्ये तिसऱ्यांदा असा संस्कार झाला, तर दिशेचा चिखल होतो. आणि दोन लाउडस्पीकरांसाठी घडवलेले जुने गाणे या यंत्राविनाच ऐकून पाहावे. पुष्कळदा तेच अधिक स्वच्छ लागते.

एक मर्यादा मात्र कोणत्याही गणिताने ओलांडता येत नाही. ज्याचा एक कान निकामी आहे, त्याला दोन कानांच्या फरकावर उभारलेले हे जग मिळू शकत नाही. त्याच्यासाठी सर्व प्रवाह एका कानात एकत्र करून संवाद स्पष्ट ठेवणे, हीच खरी सेवा होय. आणि ज्यांचे दोन्ही कान धड आहेत, त्यांनी ते तसे राखावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकाप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला चाळीस तासच निर्धोक मानला जातो. पातळी तीन डेसिबलने चढली, की ही मुदत निम्मी होते. दिशेचा भास होत नाही म्हणून आवाज चढवणे, ही सर्वांत महाग चूक आहे. दिशा जोरात नसते, ती फरकात असते.

श्रोतेहो, हेडफोनमधील चौफेर ध्वनी ही फसवणूक नव्हे. कानाने आयुष्यभर जमवलेल्या पुराव्याची ती नक्कल आहे, आणि नक्कल जितकी ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानांशी प्रामाणिक, तितकी ती खरी वाटते. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते स्वतःच्या कानांवर लावून, डोळे मिटून, मधल्या प्रवाहातील संवाद समोरून येतो की कपाळातून, एवढे पाहावे. आणि त्याचे माप ठरवण्यासाठी मानिक चौकासारख्या एखाद्या गजबजलेल्या जागी घटकाभर डोळे मिटून उभे राहावे. मूळ प्रत तेथे आहे.