लेह ते अगत्ती : अंतर आणि वेळ



भारताच्या नकाशावर एका टोकाला हिमालयांतील लेह आणि दुसऱ्या टोकाला अरबी समुद्रांतील लक्षद्वीपचें अगत्ती बेट पाहा. दोन्ही ठिकाणीं लहानसे विमानतळ आहेत. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजल्यास त्यांमधील अंतर सुमारें २,६५० किलोमीटर, म्हणजे साडेसोळाशें मैलांच्या आसपास भरतें. हा दोरा जवळजवळ पुण्याच्या डोक्यावरूनच जातो! ताशीं ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला एवढा पल्ला गांठण्यास सुमारें सवातीन तास पुरेत. पण असें थेट विमान नाहीं. कां नाहीं, तेंच आज पाहूं.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें ३,२५० मीटर उंच आहे. तेथील हवेची घनता समुद्रकांठच्या हवेच्या पाऊणपटीहूनही कमी. पंखांना उचलून धरणारी हवाच विरळ, म्हणून विमानाला जमिनीवर अधिक वेगानें धांवावें लागतें. इंजिनाचा जोर घटतो आणि ओझें कमी घ्यावें लागतें. ऊन चढलें कीं हवा आणखी विरळ होते, दऱ्यांतून वारेही सुटतात. यास्तव प्रवासी विमानें बहुतेक सकाळींच ये-जा करतात. २४ मे १९४८ रोजीं मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन येथील कच्च्या धांवपट्टीवर पहिलें डकोटा विमान उतरविलें, तें धाडस केवढें होतें याची कल्पना यावरून येईल.

अगत्तीची अडचण नेमकी उलट आहे. तेथें हवा दाट, पण जमीन तोकडी. १९८८ सालीं सुरू झालेल्या या विमानतळाची धांवपट्टी सुमारें १,२०० मीटर लांब आहे. मोठ्या जेट विमानांना ती पुरत नाहीं. पंख्याचीं लहान विमानें तेवढीं उतरतात. पट्टी लांबवावी तर प्रवाळाच्या खडकांवर भराव घालावा लागेल.

आतां प्रवासाचा हिशेब करूं. लेह ते दिल्ली ६२० किलोमीटर, दिल्ली ते कोची २,०५० आणि कोची ते अगत्ती ४६५. एकूण तीन हजार एकशें पस्तीस. म्हणजे वाट सुमारें पांचशें किलोमीटरांनीं लांबली. प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ सहा तासांच्या आसपास. परंतु सकाळीं लेह सोडलेला प्रवासी कोचीस पोंचेपर्यंत अगत्तीचें विमान बहुधा निघून गेलेलें असतें. रात्र कोचीस काढावी लागते, आणि सहा तासांचें उड्डाण दुसऱ्या दिवशीं संपतें.

हौशी प्रवाशाला ही रात्र जड जात नाहीं. पण बेटावरील एखाद्या रोग्याला मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं कोची गांठावयाची असेल, आणि वादळी पावसानें विमान रद्द झालें, तर दीड तासाची वाट त्याला जन्माएवढी लांब वाटते. घाट बर्फानें बंद पडले असतां विमानाची वाट पाहणाऱ्या लडाखी कुटुंबाचीही तीच गत. अशा गांवांचें अंतर केवळ किलोमीटरांनीं मोजून भागत नाहीं. धांवपट्टी किती लांब आहे, विमान दिवसांतून किती वेळां येतें आणि तें चुकल्यास पुढचें केव्हां, हे प्रश्न आधीं विचारावे लागतात. नव्या विमानतळाची वार्ता वाचतांना आपणही हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत, इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.